इंग्रजी वाक्य कुठे पुरे होते?

गेल्या महिन्यात ताडीवाला रोडकडच्या एका वस्तीत आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला बारावी झालेली एक मुलगी नोकरीचा अर्ज तपासून घ्यायला आली. अक्षर मोत्यासारखे. पहिली ओळ 'विथ रेफरन्स टु युवर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट' आणि पुढे पूर्णविराम. शेवटची ओळ 'होपिंग फॉर अ फेवरेबल रिप्लाय' आणि पुन्हा पूर्णविराम. मी म्हणालो, "बाळ, ही वाक्ये नाहीत." ती म्हणाली, "काका, सगळे असेच लिहितात. वाक्ये नाहीत तर मग काय आहेत?"

प्रश्न रास्त होता. बी.कॉम. होऊन मी कारकुनीला लागलो तेव्हा माझ्या पहिल्याच पत्रात 'बिकॉज द बिल वॉज नॉट साइन्ड' एवढे लिहून पूर्णविराम दिला होता. साहेबांनी त्याभोवती लाल गोल काढला आणि सगळ्या सेक्शनसमोर वाचून दाखवले. चूक काय, ते मात्र सांगितले नाही.

चुकीचे मूळ आपल्या मराठी कानात आहे. मराठीत 'आलो' एवढ्यानेच वाक्य पुरे होते. 'हा माझा भाऊ' यात तर क्रियापदच नाही. 'कारण बिलावर सही नव्हती' हे तर आपण वेगळे वाक्य म्हणून सर्रास लिहितो. इंग्रजी पत्रात तसे चालत नाही. आज्ञा सोडली, तर कर्ता उघड लिहावा लागतो आणि काळ दाखवणारे क्रियापद लागते. नुसते 'होपिंग' काळ दाखवत नाही, 'आय होप' दाखवते. कर्ता आणि असे क्रियापद यांची जोडी जमली की झाला क्लॉज, म्हणजे उपवाक्य. पण त्याच्या आधी 'बिकॉज', 'इफ', 'व्हेन' लागले की ते गौण होते आणि त्याला मुख्य उपवाक्याचा आधार लागतो. माझ्या पत्रात जोडी होती, आधार नव्हता.

सरावासाठी मी मुलांना राज्यघटना उघडायला लावतो. अस्पृश्यतेच्या सतराव्या अनुच्छेदातील पहिले इंग्रजी वाक्य घ्या. अस्पृश्यता नष्ट झाली हे एक उपवाक्य, तिचे आचरण निषिद्ध हे दुसरे. मधे 'अँड'. दोन्ही स्वतंत्र, म्हणून संयुक्त वाक्य. सोळाव्या अनुच्छेदाचा चौथा खंड मात्र मिश्र वाक्य आहे. (कायद्यात खंडालाही क्लॉजच म्हणतात, तिथे मुले हमखास गोंधळतात.) मागासवर्गाला नोकऱ्यांत राखीव जागा देण्यास राज्याला आडकाठी नाही, हे मुख्य. कोणता मागासवर्ग? ज्याला राज्याच्या मते सेवांमध्ये पुरेसे प्रतिनिधित्व नाही तो. हे 'व्हिच'ने सुरू होणारे गौण उपवाक्य. नाव गौण, पण वजन केवढे! बढतीतील राखीव जागांसाठी १९९५ साली ७७ व्या घटनादुरुस्तीने ४-अ हा खंड आला, त्यातही हेच 'व्हिच' आहे. त्यावर बोट ठेवूनच २००६ साली एम. नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रतिनिधित्व अपुरे आहे हे दाखवणारी आकडेवारी राज्याने आधी गोळा करावी. किती बढत्या त्यापायी अडकल्या, हे नोकरदार वाचकांना सांगायला नको.

विद्वानांचेही एकमत नाही. 'आय वॉन्ट टु गो' यात शाळेचे पुस्तक एकच उपवाक्य मोजते. 'टु गो' हा नुसता शब्दसमूह. पण क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९८५ चे मोठे व्याकरण आणि हडल्स्टन-पुलम यांचे २००२ चे व्याकरण 'टु गो'लाही काळ न दाखवणारे उपवाक्य मानते. त्या हिशेबाने 'होपिंग' हेही उपवाक्य ठरेल, मात्र एकटे उभे राहणारे नव्हे. परीक्षेत मुलांनी पाठ्यपुस्तकाप्रमाणेच लिहावे. तपासणाऱ्याशी वाद घालून गुण वाढत नाहीत.

त्या मुलीच्या पहिल्या ओळीतला पूर्णविराम खोडून आम्ही स्वल्पविराम दिला आणि पुढे 'आय अ‍ॅम अप्लाइंग फॉर द पोस्ट ऑफ क्लार्क' जोडले. शेवटी 'आय होप' आले. जाताना तिने विचारले, "काका, मग 'नो पार्किंग' हे वाक्य आहे का?" मी म्हणालो, "नाही. पण गाडी उचलून नेतातच."