डी ३ वरचा घोडा

पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले की काळा तशीच खेळी न करता वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे सी ५ वर आणतो. हा सिसिलियन बचाव. बरोबरीवर समाधान न मानता काळ्यानेही जिंकण्यासाठी खेळायचे, हा त्याचा स्वभाव. तो समजून घ्यायला ऑक्टोबर १९८५ मधला मॉस्कोतला एक डाव पटावर मांडावा. जगज्जेतेपदाच्या लढतीत १५ डावांनंतर गुण समसमान होते. १६व्या डावात जगज्जेता अनातोली कार्पोव्ह पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता, आव्हानवीर गॅरी कास्पारोव्ह काळ्या.

आठव्या खेळीला कास्पारोव्हने डी ५ वर प्यादे ढकलले आणि मारामारीत एक प्यादे सोडून दिले. मोबदल्यात त्याची मोहरी झपाट्याने बाहेर पडली. १६व्या खेळीला त्याचा घोडा बी ४ वरून डी ३ वर येऊन बसला. पाठीशी एफ ५ वरचा उंट. डी ३ वरून सी १ आणि ई १ ही घरे घोड्याच्या माऱ्यात आली, त्यामुळे पांढऱ्याच्या हत्तींची कोंडी झाली.

१८व्या खेळीला काळे प्यादे बी ४ वर आले. आता बी १ वरच्या पांढऱ्या घोड्याकडे पाहा. ए ३ आणि सी ३ या घरांवर त्या प्याद्याचा मारा, डी २ वर स्वतःचाच वजीर. म्हणजे हलायला जागाच नाही. दुसरा घोडा पटाच्या कडेला ए ४ वर अडकलेला. त्याला बी २ वर नेऊन काळ्या घोड्याला आव्हान द्यावे, म्हणून कार्पोव्हने २१व्या खेळीला बी ३ केले. कास्पारोव्हने जी ५ खेळून राजाच्या बाजूने प्यादी पुढे काढली आणि २४व्या खेळीला वजीर एफ ६ वर आणून बी २ कडे जाणारा कर्ण धरला.

शेवटी ३४व्या खेळीला कार्पोव्हने वजिरानेच डी ३ वरचा घोडा मारला. लगेच काळ्याच्या दुसऱ्या घोड्याने एफ २ वरून राजाला शह देत वजिरावरही मारा केला. दोन घोड्यांच्या बदल्यात वजीर गेला आणि ४०व्या खेळीनंतर कार्पोव्हने डाव सोडला.

पुढच्याच वर्षी कार्पोव्हने १२व्या खेळीला उंट ई ३ वर आणून या प्यादेदानाला चोख उत्तर दिले. तरीही डावाची शिकवण टिकून आहे: मोहऱ्याची किंमत ते कोणत्या घरात उभे आहे यावर ठरते. पट मांडा, १९व्या खेळीला थांबा आणि दोन्ही बाजूंच्या घोड्यांना मोकळी असलेली घरे मोजा.