मापाची बंदूक

बंदूक हा शब्द आपल्या भाषेंत अरबींतून आला. तेथें त्याचा मूळ अर्थ एका लहान, गोल, कठीण कवचाच्या फळाचा. आकारसाम्यावरून तें नांव गोळीस लागलें, आणि गोळीवरून ती फेंकणाऱ्या नळीस. आमच्या वडील पिढींतील कांहीं पंडितांस ही व्युत्पत्ति रुचत नसे. शुक्रनीतींत 'नालिक' अस्त्राचें वर्णन आहे, त्या अर्थीं बंदूक मूळची आमचीच, असें ते आग्रहानें सांगत. आणि मद्रासचे प्रोफेसर ऑपर्ट यांनीं १८८० सालीं इंग्रजींत ग्रंथ लिहून त्या मतास पुष्टीहि दिली होती. आम्ही संस्कृतावर वाढलेले असलों तरी हें मत आम्हांस मान्य नाहीं. तो भाग फार उशिराचा आहे असेंच बहुतेक अभ्यासक मानतात. शिवाय परक्याकडून आलेली वस्तु आपली म्हणून मिरविण्यापेक्षां ती हातीं आल्यावर आपल्या कारागिरांनीं तिचें काय केलें, हें पाहणें अधिक हिताचें.

कोंकणांत ही वस्तु अजून वापरांत आहे. वैभववाडी तालुका करूळ आणि भुईबावडा ह्या दोन घाटांच्या पायथ्याशीं पसरलेला. वर गगनगड, पलीकडे दाजीपूर-राधानगरीचें रान, जें १९५८ पासून गव्यांसाठीं राखलेलें आहे, आणि खालीं आमचें भात, नाचणी, काजू, केळी. रात्रीं डुकरें उतरतात, दिवसा वानरांच्या टोळ्या येतात, आणि गव्यांना अभयारण्याची सीमा कोठें संपते हें कोणी शिकविलेलें नसतें. अशा ठिकाणीं शेतकऱ्याच्या घरीं जी बंदूक आढळते ती ठासणीची. लांब गुळगुळीत नळी, लांकडी कुंदा, घोडा, चाप, आणि नळीखालीं अडकविलेला गज, एवढाच तिचा संसार. दारू आणि छरे नळीच्या तोंडांतून घालावयाचे, गजानें ठासावयाचे, कानावर तांब्याची टोपी बसवावयाची, आणि मग बार काढावयाचा. एक बार झाला कीं सारा खटाटोप पुन्हां पहिल्यापासून. तोंवर डूकर पुढच्या वाडींत पोहोंचलेलें असतें.

हा संथपणाच तिचा परवाना आहे, असें म्हटलें तरी चालेल. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमांत तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. खरोखरीच्या पीकसंरक्षणासाठीं कोणी ठासणीची बंदूक मागेल, आणि त्याला नाकारण्यासारखें दुसरें कारण नसेल, तर त्यास परवाना द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. त्यापूर्वींचा कायदा लॉर्ड लिटनच्या अमदानींतला, १८७८ चा. त्याच सालीं त्यानें देशी वृत्तपत्रांवरहि कायदा लादला होता. लेखणीवरचा तो कायदा १८८२ सालीं उठला. बंदुकीवरचा ऐशीं वर्षांहून अधिक टिकला, आणि स्वराज्यांतहि नव्या रूपानें राहिला. तो राहिला हें योग्यच झालें, असें आमचें मत आहे. परवाना असला तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळें परवानगीवांचून जनावर मारतां येत नाहीं. गवा तर पहिल्याच अनुसूचींतला. तेव्हां आमच्याकडील बहुतेक बार आभाळाकडे तोंड करून निघतात, आणि आवाजावर जेवढें पीक वांचेल तेवढें वांचतें.

आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं अशी एक बंदूक आहे. दोन वर्षांमागें गणपतीस त्यांचा पुतण्या अमेरिकेंतून आला होता. पेनसिल्व्हेनिया प्रांतांत तो नोकरी करतो. माजघराच्या भिंतीवरील बंदूक पाहून तो म्हणाला, "काका, हिची बहीण आमच्या शेजाऱ्याकडे आहे. तो स्वतः घडवतोय."

"विकायला?" स्नेह्यांनीं विचारलें.

"नाही. मित्राला द्यायला. दोन वर्षं झाली, अजून कुंद्यावर कानस चालू आहे."

आमचे स्नेही हंसले नाहींत. ते म्हणाले, "मग माप घेतलं असेल त्याचं." पुतण्यास ह्या बोलण्याचा अर्थ लागला नाहीं. तो पुढें येईल.

अमेरिकेंतली ही लांब बंदूक अठराव्या शतकांत पेनसिल्व्हेनियांत, विशेषतः लँकेस्टरच्या आसपास, जन्मास आली. जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथून गेलेल्या लोहारांनीं ती घडविली. त्यांच्या मायदेशीं शिकाऱ्यांची आंखूड, जाड नळीची बंदूक असे. तिच्या नळींत आंतून नागमोडी आटे पाडलेले असत. नव्या देशांत रान अफाट, आणि शिसें व दारू पाठीवरून वाहून न्यावयाची. तेव्हां त्यांनीं नळी लांब केली आणि तिचें पोट बारीक केलें. चाळीस इंचांहून लांब नळी आणि अर्ध्या इंचाहूनहि लहान गोळी. इंग्रजी फौजेच्या बंदुकीच्या एक पौंड शिशांत चौदा-पंधरा गोळ्या होत. ह्या बंदुकीच्या पन्नासांवर. गरिबीनें शिकविलेली काटकसर किती सुंदर आकार धारण करते, ह्याचें हें उत्तम उदाहरण आहे.

आट्यांचें काम असें, कीं तेलकट कापडाच्या तुकड्यांत गुंडाळलेली गोळी त्यांत घट्ट बसते आणि बाहेर पडतांना स्वतःभोंवतीं फिरूं लागते. भोंवरा फिरत असतो तोंवर उभा राहतो, त्याच न्यायानें फिरणारी गोळी आपली वाट सोडीत नाहीं. आपल्या ठासणीच्या नळींत हे आटे नसतात. दोघी बहिणींतला मुख्य भेद हाच. गुळगुळीत नळीचा नेम शंभर यार्डांच्या आंतच ढळतो. हिचा दोनशें यार्डांपर्यंत साधे. म्हणून १७७५ च्या जून महिन्यांत तेथील काँग्रेसनें इंग्रजांविरुद्ध सैन्य उभारतांना पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि व्हर्जिनिया ह्या प्रांतांतून असे नेमबाज मुद्दाम मागविले. दोष मात्र दोन होते: भरण्यास वेळ लागे, आणि पुढें संगीन बसत नसे. समोरासमोरच्या लढाईंत हे दोष जिवावर बेतत.

ती घडविण्याची जुनी रीत पाहिली म्हणजे मन थक्क होतें. लोखंडाची लांब चपटी पट्टी तापवून एका सळईभोंवतीं वळवावयाची, आणि इंचाइंचानें तिच्या कडा भट्टींत एकजीव करावयाच्या. मग आंतून कोरून सरळ करावयाची, बाहेरून अष्टकोनी घासावयाची. आटे पाडण्यास लांकडाचा एक लांब सांचा असे. त्याच्या वळणावरून पात्याचा दांडा पुनःपुन्हां ओढीत एकेक आटा केसाकेसानें खोल करीत जावयाचें. कुंदा मेपल नांवाच्या लांकडाचा. ज्या खोडांत धागा लाटेसारखा गेलेला असतो तेंच निवडीत. जवसाचें तेल चोळलें कीं त्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे उमटतात. दस्त्याच्या बाजूस पितळी झांकणाचा एक खण, त्यांत कापडाचे तुकडे ठेवावयाचे. त्या झांकणाच्या नकशीवरून बंदूक कोणत्या गांवची, हें जाणते लोक आजहि सांगतात.

नळी, कुंदा आणि घोड्याची कळ हीं बंदुकीचीं तीन अंगें. इंग्रजींत एखादी गोष्ट सगळीच्या सगळी, असें सांगावयाचें असतां ह्या तीन अंगांचीं नांवें एका दमांत घेतात. गंमत अशी, कीं त्या काळचे लोहारहि पुष्कळदां कळ विलायतेहून तयार आणवीत. तिन्ही अंगें एकाच माणसानें जुन्या हत्यारांनीं करण्याची विद्या विसाव्या शतकांत लोपलीच होती. व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें वॉलेस गस्लर नांवाच्या कारागिरानें ती पुन्हां हस्तगत केली, आणि १९६९ च्या एका बोलपटांत पट्टीपासून पहिल्या बारापर्यंतचें सर्व काम दाखविलें. तेव्हांपासून तिकडे हा छंद वाढला. तेथील १९६८ च्या कायद्यानें अशा जुन्या घडणीच्या, तोंडाकडून भरावयाच्या बंदुकांस इतर बंदुकांच्या पंक्तींत बसविलेलें नाहीं; म्हणून शेजारी शेजाऱ्यासाठीं घरीं बंदूक घडवूं शकतो. आपल्याकडे परवान्यावांचून बंदूक करणेंच नव्हे, तर दुरुस्त करणेंहि गुन्हा आहे, आणि शिक्षा जबर आहे. हा लेख वाचून कोणा उत्साही तरुणाचे हात शिवशिवूं लागतील, म्हणून हें आतांच सांगून ठेवतों.

आपल्या देशांत ही विद्या नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. आइने-अकबरींत अबुल फजलनें नळी घडविण्याची रीत लिहून ठेविली आहे. पूर्वीं पत्रा वळवून कडेला कड जोडीत, आणि नळ्या फुटून माणसें मरत. अकबराच्या कारखान्यांत पत्रा तिरपा पिळून, घडीवर घडी चढवून जोडूं लागले. सोळा नळ्या एकदम साफ करणारें, गाईच्या बळावर फिरणारें एक चक्रहि तेथें होतें. घडविणाऱ्याचें नांव, जागा, तारीख, लोखंडाचें वजन, सारें टिपलेलें असे. चितोडच्या वेढ्यांत, १५६८ सालीं, जयमल्लावर जिनें नेम धरला त्या बादशाही बंदुकीचें नांव 'संग्राम' होतें. पुढें टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांत वाघाचीं चिन्हें कोरलेल्या गारेच्या बंदुका होत. ह्या सर्व दरबारच्या गोष्टी. खेड्यांतल्या कारागिराचें नांव कोणी टिपलें नाहीं.

आतां मापाविषयीं. नळी कोणालाहि चालते. कुंदा चालत नाहीं. खांद्यास टेंकलेल्या टोकापासून चापापर्यंतचें अंतर माणसाच्या हाताइतकें लागतें. कोंपराच्या लवणीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत, हें त्याचें जुनें ठोकळ माप. शिवाय गाल कुंद्यावर टेंकला असतां डोळा आपोआप माशीच्या रेषेंत यावा, म्हणून कुंद्याचा उतारहि मानेच्या लांबीप्रमाणें कमीअधिक करावा लागतो. मित्रासाठीं बंदूक घडविणें म्हणजे त्याच्या अंगाचा अंगरखा बेतणें होय. पेनसिल्व्हेनियाच्या त्या शेजाऱ्याची दोन वर्षें कानशीवर कां गेलीं, ह्याचें उत्तर हेंच.

आमच्या स्नेह्यांची बंदूक त्यांच्या वडिलांसाठीं घडविलेली. घडविणारा कारागीर परवानाधारक, आणि वडिलांचा शाळासोबती. पुढें एक उत्तरेच्या कामास लागला, एक ऐरणीच्या. पण स्नेह तुटला नाहीं. त्यानें ओसरीवर बसून सुतळीनें माप घेतलें, असें आमचे स्नेही सांगतात. ते त्या वेळीं पांच-सहा वर्षांचे होते. वडील उंचेपुरे, हात लांब. कुंदा शिसवी, आंत एकहि खिळा नाहीं, आणि चापाच्या कडीखालीं, उलटी धरल्याशिवाय दिसणार नाहीं अशा जागीं, वडिलांच्या नांवाचें आद्याक्षर. कारागिराचें नांव त्यावर नाहीं. त्याचीं मुलें मुंबईस गेलीं, भट्टी विझली, परवाना त्याच्याबरोबरच संपला.

वडील गेल्यावर बंदूक मुलाच्या परवान्यावर आली, आणि चाळीस वर्षें तो ती मान पुढें काढून धरीत आला, कारण तो वडिलांहून चांगला वीतभर ठेंगणा. कुंदा कापून घ्यावा असें आम्हीं अनेकदां सुचविलें. प्रत्येक वेळीं एकच उत्तर: "मास्तर, माप बाबांचं आहे. मी कोण कापणार?"

आतां ते पंचाहत्तरीस आले. मुलगा पुण्यास, त्यास ना शेत हवें ना परवाना. पुतण्यानें सुचविलें कीं बंदूक निकामी करून घेऊन ती भिंतीवर शोभेस ठेवावी. ठाण्यांत जमा करून मोकळे व्हावें, असें सून म्हणते. तिची भीति अनाठायीं नाहीं. घरांत लहान मुलें येतात. निवडणूक आली कीं बंदूक ठाण्यावर नेऊन द्यावयाची, पीक उभें असतांना पावती सांभाळीत बसावयाचें, नूतनीकरणास खेटे घालावयाचे, ह्या वयांत हें झेपत नाहीं, हेंहि खरें. पण शेत ओसाड नाहीं. त्यांचा भाचा तें कसतो, आणि गेल्या कार्तिकांत दोन रात्रींत त्याचें अर्धें भात डुकरांनीं लोळविलें.

महिनाभर स्नेह्यांनीं कोणाशीं ह्या विषयावर शब्द काढला नाहीं. मग एके दिवशीं त्यांनीं भाच्यास परवान्याचा अर्ज करावयास लाविलें. परवाना मिळाला म्हणजे मालकास आपली बंदूक हयातींतच त्याच्या नांवें करतां येते. मात्र आधीं लेखी कळवावें लागतें आणि ४५ दिवस थांबावें लागतें. जिल्ह्याबाहेर एक परवानाधारक कारागीर अजून काम करतो, त्याच्याकडे कुंद्याची चौकशीहि झाली.

भाचा मामाहूनहि ठेंगणा. परवां ओसरीवर त्यास उभा करून स्नेह्यांनीं आमच्या हातीं सुतळी दिली, कारण त्यांचे हात आतां कांपतात. कोंपराच्या लवणीपासून तर्जनीच्या पेरापर्यंत आम्हीं सुतळी धरली आणि गांठ मारली. भिंतीवरील बंदुकीस ती लावून पाहिली, तों दीड इंचाचा फरक आला. स्नेह्यांनीं बंदूक खालीं घेऊन उलटी केली, आद्याक्षरावरून बोट फिरविलें, आणि तें टोकापासून बरेंच आंत आहे, कापण्यांत जाणार नाहीं, अशी खात्री करून घेतली. अर्ज अजून वरिष्ठांकडे आहे. भात पोटरींत आलें आहे, आणि भाचा रात्रीं माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवितो.