यंग शुक्रवारी कुठे आहे?

दोस्तांनो, चला नागपूरला! सरळ महालात जाऊ. जिथे भोसले राजांचे वाडे होते, तोच हा भाग. गल्ल्या अरुंद, दुकानं खच्चून भरलेली. गांधी गेटच्या कमानीखालून सायकली, स्कूटर, हातगाड्या, सगळं एकदमच घुसतंय!

इथे जवळच दोन वस्त्या आहेत. एक जुनी शुक्रवारी आणि दुसरी नवी शुक्रवारी. खरीखुरी नावं आहेत बरं का! इंग्रजीत लिहिताना त्यांचं होतं ओल्ड शुक्रवारी आणि न्यू शुक्रवारी. सोप्पं! ओल्डच्या उलट न्यू. शाळेत पाठ केलंय ना?

थांबा, थांबा. जुन्या शुक्रवारीतल्या एखाद्या आजीकडे बघा. इंग्रजीत आजीसुद्धा ओल्डच! मग ओल्ड आजीच्या उलट कोण? न्यू आजी? छे! तिच्या उलट 'यंग'. पण म्हणून 'यंग शुक्रवारी' शोधायला निघालात, तर अख्खं नागपूर पालथं घातलं तरी सापडायची नाही!

बघा गंमत. शब्द एकच, पण त्याचे उलटे शब्द दोन! घर, रस्ता, पुस्तक ओल्ड असेल तर उलट न्यू. माणूस किंवा मांजर ओल्ड असेल तर उलट यंग.

मराठीत आपण हे काम दोन शब्दांना वाटून दिलंय. वस्ती जुनी आणि आजी म्हातारी. (आपण 'जुनी माणसं' म्हणतो खरं, पण ते मानानं. समोर बसलेल्या आजीला 'तू जुनी झालीस' म्हणून बघा, पाठीत धपाटा नक्की!)

आता याहून मजेदार. बालवाडीपासूनची तुमची मैत्रीण आठवा. वय वर्षं आठ, पुढचा एक दात पडलेला. ती इंग्रजीत कोण? तुमची ओल्ड फ्रेंड! तोंडावर एक सुरकुती नाही, तरी ओल्ड! कारण इथे वय मैत्रीचं मोजलंय, मैत्रिणीचं नाही. म्हणून उलट काय? न्यू फ्रेंड. कालच वर्गात आलेला मुलगा.

आणखी एक. गांधी गेटचं पूर्वीचं नाव होतं जुम्मा दरवाजा. जुम्मा म्हणजे शुक्रवार! हे त्याचं 'ओल्ड' नाव. इथे ओल्ड म्हणजे पूर्वीचं, आणि उलट म्हणजे आत्ताचं. झाले की तीन!

तुम्ही म्हणाल, काहून बाबा असं? एका शब्दाला इतके उलटे का?

वर्गातली एखादी खेळाडू मुलगी घ्या. मैदानावर खोखोत तिच्यासमोर 'ब' तुकडी, वर्गात बुद्धिबळाला तिच्यासमोर तिचीच शेजारीण. मुलगी तीच, पण खेळ बदलला की समोरचा बदलतो. म्हणजे समोर कोण आहे हे कळलं, की खेळ कोणता तेही कळतं! शब्दांचं अगदी तस्संच. उलटा शब्द शोधा, तो मूळ शब्दाचा खरा अर्थ पकडून देतो.

ही युक्ती किती जुनी असेल? ओळखा! सुमारे 2300 वर्षं! ग्रीसमधल्या अॅरिस्टॉटल नावाच्या विचारवंतानं ती आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. त्याच्या भाषेत धारदार पातंही तीक्ष्ण आणि वर चढलेला सूरही तीक्ष्ण. पात्याच्या उलट बोथट. पण सुराच्या उलट? चक्क 'जड'! मग तो म्हणाला, उलटे शब्द वेगळे, म्हणजे अर्थही वेगळे. वा रे पठ्ठ्या!

आता सगळ्यात मोठं नवल. कालच जन्मलेलं बाळ इंग्रजीत किती असतं? वन डे ओल्ड! डोळे धड उघडत नाहीत, आणि ओल्ड! 'वन डे यंग' असं कोणी म्हणतच नाही. इथे ओल्डच्या समोर कुणीच उभं नाही!

हसू नका हं. आपणही हेच करतो! शाळेत तपासणीला डॉक्टर येतात, तेव्हा वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलाची काय मोजतात? उंचीच ना! त्याचा 'बुटकेपणा' कोणी मोजत नाही. पातळशा कागदाचीही जाडीच मोजतात. उथळ डबक्याचीही खोलीच! जोडीतला मोठा शब्द मोजायच्या कामाला बसला, की धाकट्याला सुट्टी. जगातल्या पुष्कळ भाषा असंच करतात.

आणि बहुअर्थी शब्द काय फक्त इंग्रजांकडेच आहेत? आपला 'कच्चा' घ्या! कच्च्या आंब्याच्या उलट पिकलेला. कच्च्या भाताच्या उलट शिजलेला. कच्च्या रस्त्याच्या उलट पक्का. आणि खेळातला कच्चा लिंबू? त्याच्या उलट तर नुसता 'भिडू'!

या कच्च्या-पक्क्यानं भारतात आलेल्या इंग्रजांनाही वेड लावलं होतं. यूल आणि बर्नेल या दोघांनी रचलेला 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा जाडजूड कोश 1886 मध्ये निघाला. भारतातल्या इंग्रजांच्या बोलण्यात मिसळलेले शब्द त्यात गोळा केलेत. त्यात कच्चा आणि पक्का यांची समोरासमोर चक्क यादी दिली आहे! कच्ची वीट उन्हात वाळवलेली, पक्की वीट भट्टीत भाजलेली. कच्चा रंग धुतला की जातो, पक्का टिकतो. घर, रस्ता, शिलाई... अहो, कच्चा बदमाश आणि पक्का बदमाशसुद्धा! मला तर ही यादी त्या कोशातली सगळ्यात गोड जागा वाटते.

आता पाळी तुमची. इंग्रजीतला 'लाइट' घ्या. दप्तर लाइट, खोलीतला लाइट, आणि लाइट निळा रंग. प्रत्येकाचा उलटा शब्द वहीत लिहा. मग मराठीतला 'कडक' घ्या. कडक ऊन, कडक भाकरी, कडक चहा, कडक बाई. चारही उलटे शब्द वेगवेगळे आले पाहिजेत. अडलात तर घरातल्या आजीला विचारा, तिला नक्की येतील!