टक्सिडो जॅकेट: रॅम्पवरून रोजच्या कपाटात

रॅम्पवरचे कपडे नुसते बघायचे, अंगावर घालायचे नाहीत, असं आपण सर्रास म्हणतो. बायकांच्या टक्सिडो जॅकेटला तरी हे लागू पडत नाही. पॅरिसमध्ये डिझायनर इव्ह सें लोराँ यांनी १९६६च्या हिवाळी संग्रहात आपला पहिला ‘ल स्मोकिंग’, म्हणजे बायकांसाठीचा टक्सिडो, आणला. काळं लोकरी जॅकेट, बाजूने सॅटिनची पट्टी असलेली पँट, पांढरा झालरीचा ब्लाउज आणि कमरेला सॅटिनचा रुंद पट्टा, असा तो पोशाख होता. कपडे मापाने शिवून घेणाऱ्या श्रीमंत गिऱ्हाइकांनी त्याकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सें लोराँ यांनी ‘रीव्ह गोश’ हे तयार कपड्यांचं दुकान उघडलं. तिथे तो कमी किमतीत मिळू लागला आणि तरुण मुलींनी उचलून धरला. त्यामुळे रोजच्या वापराचं रूप म्हणजे मूळ डिझाइनची नक्कल, हा समज चुकीचा आहे. त्याच रूपाने हे जॅकेट तगवलं. २००२ मध्ये निवृत्त होईपर्यंत सें लोराँ त्याचे नवनवे अवतार करत राहिले.

पुरुषांचा संध्याकाळचा पोशाख बाईच्या अंगावर पहिल्यांदा त्यांनीच चढवला, हेही खरं नाही. १९३०च्या ‘मोरोक्को’ चित्रपटात मार्लेन डीट्रिच टेलकोट आणि टॉप हॅट घालून पडद्यावर आली होती. सें लोराँ यांचं श्रेय बेतण्यात आहे. पुरुषी जॅकेटचा थाट ठेवून त्यांनी ते बाईच्या छाती-कंबरेच्या घडणीप्रमाणे कापलं.

म्हणूनच ‘नवऱ्याचा कोट एक साइज लहान घेतला की झालं’ हा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. पुरुषी जॅकेटचा पुढचा भाग सपाट छातीसाठी कापलेला असतो. बाईने ते घातलं की छातीवर लॅपल उघडी पडते, कंबरेत कापड सैल राहतं आणि नितंबांवर मात्र ताणतं. बायकांच्या जॅकेटमध्ये छातीपासून खाली टक्स किंवा उभी शिवण असते. सगळा आकार तिथेच तयार होतो. मुद्दाम ढगळ घालायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही खांदा बसलाच पाहिजे.

‘टेलर सगळं करून देतो’ ही आशाही अर्धीच खरी. बाजूच्या शिवणी आत घेणं, कंबर थोडी बसवणं ही कामं चांगला टेलर सहज करतो. बाही आखूड करणंही सोपं, पण मनगटावरची बटणं खरोखर उघडणारी असतील तर खालून कापता येत नाही. काजं वर सरकत नाहीत, बाही खांद्यापासून काढावी लागते. खांदा लहान करायचा तर बाही, पॅड, आतलं कॅनव्हास, अस्तर असं सगळं उसवावं लागतं. मजुरी भरमसाट होते आणि नीट बसेलच याची खात्री नसते. उंचीही बेतानेच कमी करावी. जास्त कापलं की खिसे कडेच्या अगदी जवळ येतात आणि जॅकेट मध्येच तोडल्यासारखं दिसतं.

घालून पाहताना आरशाकडे पाठ करून उभ्या राहा आणि मान वळवून बघा. कॉलर मानेला टेकली पाहिजे. मध्ये फट राहत असेल तर ते जॅकेट तुमचं नाही. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपावी. पॅड जाड असेल तर साडीच्या पदराच्या निऱ्यांवर खांदा उंच होतो, म्हणून साडीवर घालायचं असल्यास पातळ पॅडच बघा.

‘टक्सिडो जॅकेटबरोबर पँट, बो, उंच टाचा हव्यातच’ हा नियम न्यूयॉर्कमध्ये केव्हाच मोडला गेला. साठच्या दशकाच्या अखेरीस नॅन केम्पनर ही श्रीमंत बाई सें लोराँ यांचा टक्सिडो सूट घालून ‘ला कोत बास्क’ रेस्टॉरंटमध्ये गेली. पँट चालणार नाही म्हणून दारातच अडवल्यावर तिने पँट काढली आणि जॅकेटच आखूड ड्रेससारखं घालून आत गेली. आपल्याला इतकं टोक गाठायची गरज नाही. साधी जीन्स आणि पांढरा सुती शर्टही त्याखाली उत्तम दिसतो. मात्र दिवसा घालायचं तर बाकीचं सगळं बिनचमकीचं ठेवा. लॅपलवरचं सॅटिन तेवढी चमक पुरवतं.

‘आपल्या हवेत लोकर नको’ म्हणून अनेकजणी पॉलिएस्टर घेतात आणि जास्त घामाघूम होतात. हलक्या विणीची, अर्ध्या अस्तराची लोकर घामाची वाफ बाहेर जाऊ देते, पॉलिएस्टर ती कोंडून ठेवतं. अस्तरही पॉलिएस्टरचं नसलं तर बरं; व्हिस्कोजचं बघा. इस्त्री करताना सॅटिनवर सुती कापड ठेवा, थेट गरम इस्त्री लागली की पडलेला डाग जात नाही.

रंग, बटणं, बाहीची लांबी यांत पुढे तडजोड करता येईल. खांद्यात ती करू नका. खांदा बसत नसेल तर कितीही सवलत असो, जॅकेट परत हँगरवर लावा.