जुन्या सुरांच्या नव्या तबकड्या

टपालाची तिकिटे, जुनी नाणी, आगपेट्यांवरील चित्रे यांचा संग्रह करणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या परिचयाची असतात. त्या मानाने गाण्याच्या तबकड्या जमविणारा संग्राहक विरळा. आणि त्यातही मूळ तबकडी नव्हे, तर तिची पुढे निघालेली आवृत्ती हौसेने मिळविणारा मनुष्य दिसला, की पुष्कळांना त्याचे नवल वाटते. ‘एकच गाणे पाच वेळा विकत घेण्यात शहाणपण ते कोणते?’ असा प्रश्न घरची वडील मंडळी करतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही आज इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराच्या ‘बीटल्स’ या सुप्रसिद्ध चौकडीच्या तबकड्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चार तरुणांची ‘लव्ह मी डू’ ही पहिली तबकडी पार्लोफोन या छापाखाली ५ ऑक्टोबर १९६२ रोजी ब्रिटनमध्ये विक्रीस आली. सात इंच व्यासाची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, दोन्ही बाजूंना एकेक गीत असलेली अशी ही छोटी तबकडी. तिला ‘सिंगल’ म्हणतात. १९७० च्या मार्च महिन्यात ‘लेट इट बी’ निघेपर्यंत त्यांच्या अशा २२ तबकड्या ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर चौकडी फुटली. परंतु तबकड्यांचा प्रवास थांबला नाही.

१९७६ साली या सर्व २२ तबकड्या पुन्हा बाजारात आल्या. त्यांच्या जोडीला ‘यस्टरडे’ हे गीत ब्रिटनमध्ये प्रथमच सिंगल म्हणून निघाले आणि तेथील खपाच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढले. पुढे १९८२ पासून दुसरी योजना सुरू झाली. प्रत्येक तबकडीला वीस वर्षे पूर्ण होताच तिची चित्रांकित आवृत्ती काढावयाची, असा तो क्रम होता. तो १९९० पर्यंत चालला. म्हणजे संपूर्ण संच हाती यावा म्हणून संग्राहकांना साडेसात वर्षे धीर धरावा लागला. अलीकडे, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, २३ तबकड्यांची एक पेटीच निघाली. मूळ २२ तबकड्या आणि १९९० नंतरच्या दोन गीतांची एक, असा हा संच असून त्यातील पाकिटे निरनिराळ्या देशांत त्या काळी वापरलेल्या पाकिटांबरहुकूम छापलेली आहेत.

येथे कोणी म्हणेल, की हा सारा व्यापार आहे. व्यापार आहे खराच. पण केवळ व्यापार नव्हे. ‘लव्ह मी डू’चीच कथा पाहा.

हे गीत ४ सप्टेंबर १९६२ रोजी ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा ड्रम रिंगो स्टारने वाजविला होता. निर्मात्यांचे समाधान न झाल्यामुळे ११ सप्टेंबरला तेच गीत पुन्हा मुद्रित करण्यात आले. त्या खेपेस अँडी व्हाइट या व्यावसायिक वादकास ड्रमवर बसविले आणि रिंगोच्या हाती खंजिरी दिली. पहिल्या तबकडीवर रिंगोचे वादन आले; १९६३ च्या दीर्घ तबकडीवर मात्र दुसरे मुद्रण घेतले गेले आणि पुढे सिंगलवरही तेच वापरले जाऊ लागले. पहिल्या मुद्रणाची मूळ फीत जतन झाली नाही. म्हणून १९८० साली अमेरिकेत दुर्मीळ गीतांच्या संग्रहात ते मुद्रण द्यावयाचे ठरले, तेव्हा १९६२ च्या एका जपून ठेवलेल्या तबकडीवरूनच त्याची नक्कल उतरवून घ्यावी लागली. ज्या कंपनीने गीत मुद्रित केले तिच्या कपाटात जे उरले नव्हते, ते कोणाच्या तरी घरातील कागदी पाकिटात सुखरूप राहिले! १९८२ च्या बारा इंची आवृत्तीत ही दोन्ही मुद्रणे शेजारी शेजारी ऐकावयास मिळाली. ती ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे: खंजिरी ऐकू आली, तर ते दुसरे मुद्रण, ऐकू न आली, तर पहिले. २०१२ साली पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने मूळ तबकडीची हुबेहूब प्रत काढताना हाच घोटाळा पुन्हा झाला. पहिल्याऐवजी दुसरे मुद्रण तबकडीवर गेले आणि विक्रीस निघालेला माल परत मागवावा लागला.

यावरून पुनर्मुद्रणाचे मोल आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. सामान्य मिळकतीच्या रसिकाला ज्या मूळ तबकडीची किंमत झेपणार नाही, तिचा आनंद नवी आवृत्ती त्याच्या घरी आणून देते. पण ती मूळ तबकडी नव्हे. नव्या आवृत्तीला जुनी म्हणून विकणारे लोक या बाजारात आहेत, म्हणून घेणाराने डोळे उघडे ठेवावेत. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर कडेने जी बारीक अक्षरे असतात, ती प्रथम वाचावीत. पार्लोफोनच्या जुन्या ब्रिटिश तबकड्यांवर तेथे ‘पार्लोफोन कंपनी’ असे असे; १९६५ च्या सुमारास त्या जागी ‘ग्रामोफोन कंपनी’ हे नाव आले आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत ‘ई. एम. आय. रेकॉर्ड्स’ हे नाव छापले जाऊ लागले. तेव्हा १९६३ ची म्हणून दाखविलेल्या तबकडीवर हे तिसरे नाव दिसले, तर ती पुढची आवृत्ती आहे हे सांगावयास पंडिताची गरज नाही. ऑगस्ट १९६८ च्या ‘हे ज्यूड’पासून एका बाजूस अखंड हिरवे सफरचंद आणि दुसऱ्या बाजूस कापलेले सफरचंद, असे चित्र आले, हेही लक्षात ठेवावे.

या विषयाचा आपल्या देशाशी जो संबंध आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. ब्रिटनमध्ये मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या तबकड्या १९६० च्या सुमारासच बंद झाल्या. आपल्याकडे मात्र गावोगावी वीज पोहोचली नव्हती आणि किल्लीचे ग्रामोफोन घरोघर चालू होते. त्यामुळे कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीही लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत. आज परदेशांतील संग्राहक ज्या वस्तू मोठ्या हौसेने शोधतात, त्यांत या भारतीय तबकड्यांचे स्थान वरचे आहे. पणजी, बेळगाव, बडोदे, इंदूर अशा ठिकाणी ज्यांच्या माळ्यावर वाडवडिलांची तबकड्यांची पेटी पडून आहे, त्यांनी ती रद्दीवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.

पेटी उघडल्यावर काय करावे, हेही सांगतो. तबकड्या एकावर एक रचू नयेत. पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवल्यास त्या वाकतात. लाखेची तबकडी हातातून पडताच फुटते, आणि स्पिरिटने पुसल्यास तिची लाख विरघळते. म्हणून ती मऊ, कोरड्या फडक्यानेच पुसावी. प्लॅस्टिकची ४५ फेऱ्यांची तबकडी किल्लीच्या ग्रामोफोनवर कधीही लावू नये. त्याची जड पोलादी सुई तिचे चरे कायमचे बिघडवून टाकते.

शेवटी एक सूचना. पाकिटात एक चिठ्ठी घालून ठेवावी: तबकडी कोणी, कोठे व कोणत्या साली घेतली, ती मूळ आहे, की पुढची आवृत्ती. आवृत्ती असल्यास तसे स्पष्ट लिहिण्यात कमीपणा मानू नये. पुढे नातवंडांच्या हाती ही पेटी जाईल, तेव्हा बाजारातील भाव चढलेले असोत वा उतरलेले, त्या चिठ्ठीतील खरेपणामुळे त्यांची फसवणूक होणार नाही, आणि त्यांच्या हातून दुसऱ्याचीही होणार नाही.