ट्रंकेतले कागद बाहेर काढा



आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याला फौज काही परकी नाही. आज उल्हासनगर आहे तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी तर सगळ्यांना ठाऊक आहे. आणि आसपासच्या गावांत फौजेतून पेन्शनवर आलेले भाऊ, काका, सासरे राहतात. त्यांच्या घरातल्या बायांसाठी आजचं आपलं बोलणं आहे.

फौजी निवृत्त होतो तेव्हा त्याची डॉक्टरी तपासणी होते. तिला रिलीज मेडिकल बोर्ड म्हणतात. कोणता आजार आहे, तो किती टक्के आहे आणि नोकरीमुळे झाला की नाही, हे तिथे लिहिलं जातं. कागद इंग्रजीत असतो. घरी जायची ओढ असते. सही होते आणि कागद ट्रंकेत जातो. कधीकधी तर आजाराचं नावसुद्धा कोणी नीट समजावून सांगितलेलं नसतं. मग वर्षांनी माणूस अंथरुणाला खिळतो, दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "हे कधीपासून आहे?" आणि घरात कोणालाच उत्तर देता येत नाही.

सांगितला न गेलेला आजार असा उशिरा कळला, तर कायद्याचे दरवाजे बंद झाले असं समजू नका. पण आधी कागद हातात हवा.

पहिलं काम : कागद मिळवणं

ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, मेडिकल बोर्डाचा अहवाल आणि लष्करी दवाखान्याचे कागद एका पिशवीत ठेवा. बोर्डाचा अहवाल नसेल, तर भाऊ ज्या पलटणीत होते तिच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्याजवळ खडकीला आहे. नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला आहे.

साध्या अर्जाने काम झालं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. खासगी दवाखान्यात उपचार झाले असतील, तर मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत, असा डॉक्टरांसाठी २००२ सालचा नियम आहे. अर्जाची पोच मात्र नेहमी घ्या. तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही.

दुसरं काम : कारण काय लिहिलंय ते वाचणं

अहवालात 'अ‍ॅट्रिब्यूटेबल' असेल, तर आजार नोकरीमुळे झाला. 'अ‍ॅग्रव्हेटेड' असेल, तर नोकरीमुळे तो वाढला. या दोन्हींपैकी एकही नाही असं लिहिलं, की सहसा अपंगत्वाची पेन्शन नाकारली जाते.

पण तिथे हात टेकायचे नाहीत. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं की, भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असंच धरायचं. पुढे आजार जडला, तर तो नोकरीमुळे नाही हे सरकारने सिद्ध करायचं, जवानाने नाही. शिवाय मेडिकल बोर्डाने आपल्या मताची कारणं लिहायला हवीत. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न विचारा : "या अहवालात कारण दिलंय का?"

टक्केही बघा. साधारणपणे २० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व लागतं. २०१४ सालच्या राम अवतार खटल्याच्या निकालाने, नोकरीशी जोडलेलं २० टक्के अपंगत्व पेन्शनसाठी ५० टक्के धरायचा लाभ नेहमीप्रमाणे मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, म्हणून निवृत्तीची तारीख वकिलाला आधी सांगा.

आणि आजार घरी आल्यावर उमटला तर? निवृत्तीनंतर सात वर्षांच्या आत दिसलेल्या आजाराचं मूळ नोकरीत होतं, असं लष्करी डॉक्टरांनी मान्य केलं, तर तोही दावा विचारात घेण्याची तरतूद जुन्या नियमांत आहे.

तिसरं काम : योग्य दार ठोठावणं

पेन्शनचा दावा नाकारल्याचं पत्र आलं, की त्या तारखेपासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं. तिथेही नकार आला, तर दुसरं. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे, म्हणजे दिल्लीला धावायला नको. तिथेही शेवटच्या नकारापासून सहा महिन्यांची मुदत असते, उशिराला खरं कारण असेल तर ती माफ होऊ शकते. निवृत्त जवानच नाही, तर त्याची पत्नी आणि वारसही तिथे जाऊ शकतात. म्हणजे धनी गेले, तरी बाईचा हक्क जात नाही.

उशीर झाला तरी पेन्शनचं नुकसान दर महिन्याला नव्याने होत असतं, हे न्यायालयाने मानलं आहे. पण मागची थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते. दहा वर्षं थांबलात, तर सात वर्षांचे पैसे गेले म्हणून समजा.

ऑर्डनन्स फॅक्टरीतले कामगार मात्र फौजी धरले जात नाहीत. त्यांच्यासाठी हे न्यायाधिकरण नाही, त्यांची वाट वेगळी आहे.

डॉक्टरांच्या चुकीने आजार झाला किंवा लपवला गेला, तर भरपाईचा मार्ग ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालयाचा. २००२ साली सीमेवर तैनात असलेल्या हवाई दलाच्या एका जवानाला लष्करी दवाखान्यात रक्त चढवलं गेलं. २०१४ साली तो आजारी पडला, तेव्हा एचआयव्ही असल्याचं कळलं. कागद मिळवण्यासाठीच त्याला झगडावं लागलं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याची तक्रार फेटाळली. तरी तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २६ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने त्याला १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये भरपाई द्यायला सांगितलं. रक्त चढवल्याला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.

दुसरी बाजूही ऐका. एका परिचारिकेच्या पोटात १९९३ सालच्या शस्त्रक्रियेत कापडाचा बोळा राहिला होता, तो २००२ साली सापडला. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, जी इजा खरोखर कळण्यासारखी नव्हती, तिची मुदत ती कळल्यापासून मोजता येते. पण या बाई नऊ वर्षं दुखणं सोसत राहिल्या आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे विचारपूस केली नाही, म्हणून त्यांची तक्रार मुदतीबाहेर ठरली. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. आपल्या बायकांना दुखणं अंगावर काढायची सवय, पण कायदा त्या सवयीची कदर करत नाही. दुखलं की डॉक्टरला विचारा, आणि कळलं ती तारीख लिहून ठेवा.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे?

१९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन लावा. ठाण्यातच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. पेन्शनचे अर्ज आणि फौजी कुटुंबांच्या योजनांची माहिती तिथे मिळते. एकटीने जायला संकोच वाटला, तर गटातल्या दोघीजणी सोबत जा.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की एक प्रश्न विचारा : कोणाच्या घरात फौजीचे न वाचलेले कागद आहेत? गटातल्या शिकलेल्या लेकीला ते वाचायला बसवा. आजाराचं नाव, टक्के, कारण आणि तारीख या चार गोष्टी एका वहीत मराठीत उतरवा. वकिलाकडे जाताना तीच वही सोबत न्यायची आहे.