मागचं चाक ओळीत आहे ना? सुतळी लावून बघा

१ जून ते ३१ जुलैच्या बंदीत होडीचं काम काढलं की इंजिन आणि शाफ्ट एका ओळीत आहे का ते आपण बघतोच. पण मालिम किंवा कुटबणच्या जेटीवरून पहाटे नुस्त्यांचे क्रेट बांधून जी मोटारसायकल निघते, तिच्या मागच्या चाकाची ओळ कोण बघतो? चेन सैल झाली की दोन्ही नट अंदाजाने फिरवायचे आणि निघायचं.

आपल्या गाड्यांना हा त्रास जास्तच. क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी थेट चेनवर गळतं. चेन गंजते, झिजून लांबते, परत परत टायट करावी लागते. दर वेळी एक बाजू जरा जास्त ओढली जाते आणि चाक तिरकं बसतं. मग चेन स्प्रॉकेटचे दात एका बाजूने खाते, टायर वेडावाकडा झिजतो. चालत्या गाडीत चेन उतरून अडकली तर मागचं चाक जाम होतं. ओला रस्ता आणि मागे माल असताना हे झालं तर गाडी सावरणं कठीण. (स्कूटरवाल्यांनी हे सोडून द्या, तिला चेन नाही.)

चिमट्यावर, म्हणजे स्विंग आर्मवर, दोन्ही बाजूंना खुणा असतात. पण पुष्कळ गाड्यांत त्या नेमक्या नसतात, त्यामुळे सुतळी बरी. इथे तंगूसही चालते, कारण फक्त सरळ रेघ हवी आहे. लांबी मोजायला मात्र तंगूस नको, ती ताणते.

डबल स्टँडचे पाय सुतळीच्या आड येतात, म्हणून एकाने गाडी सरळ उभी धरावी, हँडल सरळ. जमिनीपासून चार-पाच इंचांवर सुतळी मागच्या टायरला मागून गुंडाळा आणि दोन्ही टोकं पुढच्या चाकाच्या पुढे न्या. टोकं अशी धरा की सुतळी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकेल. आता पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंची गॅप बघा. सारखी असेल तर चाक ओळीत. दोन्ही टायर एकाच रुंदीचे असतील तर सुतळी दोन्हीकडे जेमतेम टेकते. डावीकडे गॅप जास्त असेल तर चाकाचं तोंड डावीकडे आहे.

जुळवताना इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. चालू इंजिनवर चेनला हात लावून बोटं गमावू नका. एक्सलचा नट सैल करा. काही गाड्यांत चेनच्या बाजूला मोठा स्लीव्ह नट असतो, तोही. बहुतेक गाड्यांची चेन डावीकडे असते. चेनची ढिलाई डाव्या अ‍ॅडजस्टरने ठरवा, ओळ उजव्याने. गॅप डावीकडे जास्त असेल तर उजवा नट थोडा टायट करा, म्हणजे एक्सलची ती बाजू मागे येते. गॅप उजवीकडे जास्त असेल तर उजवा नट सैल करून चाक पुढे ढकला. एका वेळी पाव फेराच, मग परत सुतळी.

ढिलाई किती? लहान गाड्यांना खालच्या चेनच्या मध्यावर साधारण २० ते ३० मिलिमीटर, पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा. चाक हळूहळू फिरवा, चेन जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे मोजा. आवाज नको म्हणून जास्त ताणणारे पुष्कळ आहेत. क्रेट चढले की चिमटा वर जातो आणि चेन आणखी ताणली जाते, मग बेअरिंग जातं.

चाक हाताने आडवं हलवून बघा. खडखडलं तर बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश गेलेत. अशा वेळी सुतळीचा उपयोग नाही, गाडी मेकॅनिककडे न्या.

नट आवळताना चाक कधी कधी सरकतं, म्हणून शेवटी ढिलाई आणि ओळ परत एकदा बघा. ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे गेल्याने ब्रेकचा रॉड ताणला जातो, पॅडल जुळवून घ्या. ब्रेक प्लेटला धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट सैल केला असेल तर आवळून पिन घाला. ती सुटली तर ब्रेक दाबताच प्लेट फिरते. एक्सलला स्प्लिट पिन असेल तर जुनी गंजलेली परत वाकवू नका, नवी घाला.